रोखे पडतील या भरवशावर मुलीच्या शिक्षणाचे पैसे

वाचकाचे पत्र

मी सहकारनगरला राहतो. वय 52, चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी. मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला जायचे म्हणते. म्हणजे साधारण दोन वर्षांत पैसे लागतील. व्याजदर उतरणार आहेत आणि सरकारी रोख्यांत बुडण्याची भीती नाही, असे ऐकून 2025 च्या मार्चमध्ये 22 लाख रुपये दीर्घ मुदतीच्या गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे घालणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवले. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने दर अर्धा टक्का उतरवला आणि नेमका त्यानंतरच माझा फंड खाली यायला लागला. तळजाईला रोज फिरायला येणारे एक स्नेही सांगतात की सरकारी रोखे पडले की वर जाणारे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड, अमेरिकेत मिळतात आणि 2022 साली त्यांतल्या एकाने पैसे जवळजवळ दुप्पट केले. अमेरिकेचे कर्ज 38 लाख कोटी डॉलरवर गेले आहे, तेव्हा तिथले दर चढणारच, असे मलाही वाटते. गिल्ट फंडातले 15 लाख काढून दुपटीने चालणाऱ्या उलट्या ईटीएफमध्ये दोन-तीन वर्षे ठेवावेत असा विचार आहे. भारतात असे काही मिळते का? शिवाय सौ.चे म्हणणे असे की सरकारी रोख्यांविरुद्ध सौदा करणे बरे नव्हे. तिला काय सांगू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच सांगतो: हे 15 लाख रुपये आपण उलट्या ईटीएफमध्ये घालू नयेत. अमेरिकेचे व्याजदर चढतील हे आपले मत चुकीचे आहे, असे मी म्हणत नाही. ते उद्या खरेही ठरेल. परंतु ते खरे ठरले तरीही या साधनात आपले पैसे जाऊ शकतात, आणि ते कसे, हे आपल्या स्नेह्यांनी सांगितलेले दिसत नाही. म्हणून त्या भागावर थोडा अधिक वेळ घेतो.

स्नेह्यांनी जे सांगितले त्यात खोटे काही नाही. रोख्याची किंमत आणि बाजारातला व्याजदर एकमेकांच्या उलट दिशेने चालतात. आपल्या पुणे महापालिकेने 2017 साली चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी 200 कोटी रुपयांचे दहा वर्षांचे रोखे 7.59 टक्के दराने विकले होते. समजा, त्यानंतर लगेच तशाच रोख्यांवर बाजारात 8.59 टक्के मिळू लागले असते, तर 7.59 टक्क्यांचा जुना रोखा शंभर रुपयांना कोणी घेतला नसता. तो सुमारे साडेत्र्याण्णव रुपयांना विकावा लागला असता. मुदत जितकी लांब तितका हा फटका मोठा बसतो. अमेरिकी सरकारच्या वीस वर्षांहून अधिक मुदतीच्या रोख्यांच्या बाबतीत दर एक टक्का चढला की किंमत ढोबळमानाने 16 टक्के पडते. 2022 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दर झपाट्याने चढवले आणि असे दीर्घ रोखे धरणारा टीएलटी हा ईटीएफ वर्षभरात तीस टक्क्यांहून अधिक पडला. त्याच्या उलट दुपटीने चालणारा टीबीटी, म्हणजे प्रोशेअर्स कंपनीचा अल्ट्राशॉर्ट 20 प्लस इयर ट्रेझरी हा फंड, त्या वर्षी खरोखरच जवळजवळ दुप्पट झाला. पडझड तीस टक्क्यांची असताना साठ-बासष्ट टक्के मिळायला हवेत, मग नव्वदहून अधिक कसे मिळाले, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर आपण योग्य जागी पोहोचला आहात. कारण ज्या यंत्रणेने त्या वर्षी जास्त दिले, तीच यंत्रणा एरवी पैसे काढून घेते.

असा फंड स्वतः रोखे विकत बसत नाही. तो मोठ्या बँकांशी स्वॅप करार, म्हणजे भावातला फरक देण्या-घेण्याचे करार, करतो आणि रोख्यांचा निर्देशांक आज जितका पडेल त्याच्या दुप्पट आज मिळवून देईन, जितका चढेल त्याच्या दुप्पट आज गमावीन, एवढेच वचन देतो. ते वचन एका दिवसापुरते असते. रोज संध्याकाळी फंड आपला सौदा त्या दिवशीच्या मालमत्तेच्या बरोबर दुप्पट होईल असा नव्याने बेततो आणि दुसऱ्या दिवशी नवा हिशेब सुरू होतो. वर्षभराच्या दुपटीचे वचन कोणीही दिलेले नाही.

याचा परिणाम एकदा कागदावर मांडून पाहा. निर्देशांक 100 आहे आणि फंडाचे युनिटही 100 रुपयांचे आहे. पहिल्या दिवशी रोखे एक टक्का चढले, निर्देशांक 101 झाला. फंड दोन टक्के पडला, म्हणजे 98 झाला. दुसऱ्या दिवशी निर्देशांक 101 वरून पुन्हा 100 वर आला. ही घट एक टक्क्याला किंचित कमी, 0.99 टक्के आहे; फंड त्याच्या दुप्पट, 1.98 टक्के चढला. परंतु तो चढला 98 वर, त्यामुळे पोहोचला 99.94 वर. रोखे जिथे होते तिथे परत आले आणि आपले सहा पैसे गेले. सहा पैसे किरकोळ वाटतात. वर्षात व्यवहाराचे साधारण 250 दिवस असतात, म्हणजे अशा सव्वाशे जोड्या. तेवढ्यांनी गुणत गेले की वर्षाअखेर युनिट सुमारे 93 रुपयांवर येते. निर्देशांक अजूनही 100 वरच आहे, आणि दीर्घ अमेरिकी रोख्यांत रोजची एक टक्क्याची हालचाल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. उलटपक्षी रोखे एकाच दिशेने दिवसामागून दिवस पडत राहिले तर हेच चक्रवाढ गणित आपल्या बाजूने चालते आणि 2022 सारखे वर्ष निघते. म्हणजेच या फंडात पैसे मिळवायचे तर दर चढणे पुरेसे नाही. ते सलग, लवकर आणि मध्ये फारसे हेलकावे न घेता चढले पाहिजेत.

दुसरी गळती व्याजाची आहे. जो मंदीचा सौदा करतो, म्हणजे किंमत पडेल यावर पैसे लावतो, त्याला ज्या रोख्यांविरुद्ध सौदा केला त्यांचे व्याज द्यावे लागते, आणि इथे सौदा दुपटीचा असल्याने ते दुप्पट द्यावे लागते. त्याच्या बदल्यात फंडाला स्वतःच्या रोकडीवर आणि सौद्यातून मानीव मिळालेल्या रकमेवर अल्प मुदतीचे व्याज मिळते. अल्प मुदतीचे दर शून्याजवळ आणि दीर्घ मुदतीचे तीन-साडेतीन टक्के असतील, जसे ते 2008 नंतर अनेक वर्षे होते, तर वर्षाला सहा-सात टक्के केवळ सौदा धरून ठेवण्यात जातात. वर फंडाचा सुमारे एक टक्क्याचा खर्च. 2022 च्या अखेरीपासून 2024 च्या अखेरीपर्यंत मात्र अमेरिकेत अल्प मुदतीचे दर दीर्घ मुदतीच्या दरांपेक्षा वर होते, त्यामुळे हा हिशेब उलटला आणि फंडाला व्याजाचाही हातभार लागला. आपल्या स्नेह्यांना दिसले ते या काळाच्या तोंडावरचे 2022 हे वर्ष.

आता या दोन्ही गळत्या एकत्र आल्या की काय होते ते पाहा. टीबीटी 2008 च्या मे महिन्याच्या सुमारास बाजारात आला. त्या वेळी अमेरिकी सरकारच्या तीस वर्षांच्या रोख्याचा परतावा दर साडेचार टक्क्यांच्या आसपास होता. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तो पाच टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे ज्याने 2008 मध्ये दर चढतील असे म्हटले होते त्याचे म्हणणे पंधरा वर्षांच्या अंतराने खरे ठरले होते. दर त्याने सुरुवात केली त्यापेक्षा वर होते. तरीही सुरुवातीपासून टीबीटी धरून बसलेल्याचे चार पंचमांशाहून अधिक पैसे तोपर्यंत गेलेले होते. मध्ये 2020 साली दर तळाला असताना तर नव्वद टक्क्यांहून अधिक गेले होते. हा एक दाखला मी मुद्दाम ठळकपणे सांगतो आहे, कारण मत बरोबर आणि पैसे मात्र गेलेले, अशी स्थिती रोख्यांच्या बाजारात इतक्या स्वच्छपणे क्वचित दिसते. अमेरिकेतील दलालांवर देखरेख ठेवणाऱ्या फिनरा या संस्थेने 2009 मध्येच आपल्या सदस्यांना बजावले होते की असे फंड एका दिवसापेक्षा अधिक काळ धरू पाहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला साधारणतः योग्य नाहीत. आपण दोन-तीन वर्षांची भाषा करीत आहात.

कर्ज वाढले म्हणून दर चढणारच, या तर्काबद्दलही सावध करणे मला आवश्यक वाटते. तो तर्क ऐकायला इतका सरळ आहे की त्याला प्रतिप्रश्न करावासा वाटत नाही. पिम्को या अमेरिकी गुंतवणूक कंपनीचे बिल ग्रोस हे रोख्यांच्या व्यवसायातले त्या काळचे सर्वांत मोठे नाव. त्यांनी 2011 च्या आरंभी आपल्या टोटल रिटर्न फंडातील अमेरिकी सरकारी रोखे शून्यावर आणले. ऑगस्टमध्ये एस अँड पी या संस्थेने अमेरिकेचे पतमानांकन इतिहासात प्रथमच एक पायरी उतरवले. कोणालाही वाटेल की आता रोखे कोसळणार. झाले उलटेच: घाबरलेल्या जगाने सुरक्षिततेसाठी तेच रोखे विकत घेतले, फेब्रुवारीत साडेतीन टक्क्यांच्या आसपास असलेला दहा वर्षांचा दर वर्षाअखेर दोन टक्क्यांच्या खाली गेला आणि ग्रोस यांना जाहीरपणे आपला अंदाज चुकल्याचे मान्य करावे लागले. 2025 च्या मेमध्ये मूडीज या दुसऱ्या मानांकन संस्थेनेही अमेरिकेचे मानांकन उतरवले. तीस वर्षांचा दर काही दिवस पाच टक्क्यांच्या वर गेला खरा, पण वर्षाच्या सुरुवातीला साडेचार टक्क्यांच्या वर असलेला दहा वर्षांचा दर वर्षाच्या शेवटी सव्वाचारच्या खाली होता. जपानची गोष्ट तर याहून लांब आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक कर्ज असलेल्या या सरकारचे रोखे आज ना उद्या पडतील म्हणून जगभरचे मंदीवाले वीस वर्षांहून अधिक काळ सौदे करीत राहिले आणि हात पोळून घेत राहिले. 2016 मध्ये तिथला दहा वर्षांचा दर शून्याच्याही खाली गेला. 2024 च्या मार्चमध्ये बँक ऑफ जपानने उणे व्याजदर संपवला आणि नंतर दर चांगलेच चढले, परंतु सुरुवातीचे मंदीवाले तो दिवस पाहायला सौद्यात उरलेले नव्हते.

भारतात असे काही मिळते का, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. सरकारी रोख्यांच्या उलट चालणारा ईटीएफ आपल्या शेअर बाजारांत नाही. राष्ट्रीय शेअर बाजारात सरकारी रोख्यांवरचे व्याजदर फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे करार, आहेत, एका लॉटचे दर्शनी मूल्य दोन लाख रुपये असते आणि ते आधी विकून मंदीचा सौदा करता येतो. पण तिथली उलाढाल पातळ असते आणि नफा-तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो. सेबीने 1 एप्रिल 2025 पासून विशेषीकृत गुंतवणूक फंडांची सोय केली आहे, त्यात रोख्यांमध्ये तेजी आणि मंदी दोन्ही करू शकणारा प्रकार आहे. किमान गुंतवणूक दहा लाख रुपये असून जवळच्या रोख्यांचा आधार नसलेल्या, उघड्या मंदीच्या सौद्यांना मालमत्तेच्या पंचवीस टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्या कामासाठी यांपैकी काहीही मी सुचवणार नाही. भारतीय रोख्यांविरुद्ध सौदा करताना समोर रिझर्व्ह बँक उभी असते, हे लक्षात असू द्यावे. बँकांना आपल्या ठेवींच्या अठरा टक्के रक्कम प्रामुख्याने सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते, आणि दर फार चढू लागले की रिझर्व्ह बँक स्वतः बाजारात उतरून रोखे विकत घेते. 2021-22 च्या पहिल्या तिमाहीत तिने आधी जाहीर करून एक लाख कोटींचे रोखे घेतले होते.

अमेरिकेत पैसे पाठवायचे तर ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे एलआरएसमधून जातील. मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची आहे, ती आपल्याला अडचणीची नाही. मात्र परदेशी बाजारात मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, भरण्यासाठी या योजनेतून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणजे तिथे फ्युचर्स करणे किंवा उसने घेऊन रोखे विकणे हे मार्ग आपल्याला बंद आहेत. ईटीएफ पूर्ण पैसे भरून घेता येतो, हा फरक खरा. तरीही एखाद्या ॲपवर दुपटीचा उलटा फंड दिसतो एवढ्यावरून सगळे नियमात बसते असे गृहीत धरू नये. आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे. वर्षात दहा लाखांपुढच्या रकमेवर वीस टक्के कर उगमाशीच गोळा होतो. आपण 15 लाख पाठवलेत तर एक लाख रुपये आधीच बाजूला पडतील आणि ते विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील किंवा करात वळते होतील. चोवीस महिन्यांच्या आत विकून नफा झाला तर तो उत्पन्नात मिळवून आपल्या टप्प्याच्या दराने कर लागेल, आणि परदेशी मालमत्तेचा तपशील विवरणपत्रातल्या त्या खास परिशिष्टात दरवर्षी भरावा लागेल, मग नफा होवो वा न होवो.

आता मला आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग. आपण 15 लाख काढून उलट्या फंडात घालणार आणि सात लाख गिल्ट फंडातच ठेवणार. म्हणजे एका खिशातून व्याजदर उतरतील यावर सौदा आणि दुसऱ्या खिशातून चढतील यावर, तोही वेगळ्या देशात, वेगळ्या चलनात आणि दुपटीने. भारताचे दर चढले आणि अमेरिकेचे उतरले तर दोन्हीकडून मार बसेल, आणि ही काही कल्पनेतली शक्यता नाही. आपल्या गिल्ट फंडाला ज्याने दुखवले ते भारतातले कारण होते. 6 जून 2025 रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर सहावरून साडेपाच टक्के केला, पण त्याच बैठकीत आपली भूमिका उदारवरून तटस्थ केली. यापुढे कपातीला फारशी जागा उरली नाही, असा अर्थ बाजाराने काढला आणि दीर्घ मुदतीचे दर चढले. रेपो दर हा एका रात्रीच्या उसनवारीचा दर आहे. तीस वर्षांच्या रोख्याचा दर पुढच्या अनेक वर्षांच्या अपेक्षांवर ठरतो. दर उतरणार म्हणून दीर्घ गिल्ट फंड घ्या, असे ज्यांनी आपल्याला सांगितले त्यांनी हा फरकही सांगायला हवा होता.

या सगळ्यातून बाहेर पडण्याची वाट फार साधी आहे, आणि तिला उलट्या ईटीएफची गरज नाही. रोखे पडतील अशी भीती वाटत असेल तर त्यांच्याविरुद्ध सौदा करावा लागत नाही. दीर्घ मुदतीचे रोखे न बाळगणे पुरते. ज्या पैशांना दोन वर्षांनंतरची तारीख लागलेली आहे ते दहा-बारा वर्षांच्या सरासरी मुदतीच्या फंडात असायलाच नकोत, मग व्याजदरांबद्दल आपले मत काहीही असो. झालेला तोटा याच फंडात किंवा त्याच्या उलट्या भावंडात भरून निघाला पाहिजे, हा आग्रह सोडावा. बाजाराला आपली खरेदी किंमत ठाऊक नसते. कराचाही अडसर नाही, कारण 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या अशा फंडात कितीही वर्षे थांबले तरी नफा उत्पन्नातच मिळवला जातो. थांबून सवलत मिळत नाही. बाहेर पडण्यावर शुल्क आहे का तेवढे पाहून घ्यावे.

रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट संकेतस्थळावर आपण घरबसल्या खाते उघडू शकता. ही सोय नोव्हेंबर 2021 पासून सुरू आहे. तिथे 91, 182 आणि 364 दिवसांची ट्रेझरी बिले दहा हजार रुपयांपासून घेता येतात. 22 लाखांतला मोठा भाग 364 दिवसांच्या बिलांत घालावा. वर्षाने पैसे परत आले की त्या वेळच्या दराने पुन्हा घालावेत. दर चढले तर दुसऱ्या वर्षी आपल्याला जास्त मिळेल, उतरले तर थोडे कमी, पण मुद्दलाला धक्का नाही. उरलेला भाग बँकेतल्या मुदत ठेवीत ठेवायचा असेल तर एका बँकेत व्याजासह पाच लाखांच्या आत राहील असे पाहावे, कारण ठेव विम्याचे संरक्षण तेवढ्यालाच आहे. पुण्यात सहकारी बँकांच्या ठेवीदारांनी काय सोसले आहे हे आपण जवळून पाहिले असेल.

आणि दर चढले की मला फायदा झाला पाहिजे, ही इच्छा तरीही उरत असेल तर तीही सरकारी रोख्यातच पुरी होते. रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांचे व्याज राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दराहून 0.35 टक्के अधिक असते आणि दर सहा महिन्यांनी, 1 जानेवारीला व 1 जुलैला, नव्याने ठरते. त्यांची मुदत सात वर्षांची असल्याने मुलीच्या शिक्षणाचे पैसे तिथे घालू नयेत. पण आपल्या निवृत्तीसाठीच्या बचतीचा काही भाग तिथे जरूर ठेवावा. आपले वय पाहता सात वर्षे आपल्याला सोयीची पडतील.

सौ.ना काय सांगावे, असे आपण विचारता. रोख्यांविरुद्ध सौदा करण्यात देशाशी बेइमानी नाही. विमा कंपन्या, बँका आणि निधी व्यवस्थापक आपल्याजवळच्या रोख्यांचा धोका कमी करण्यासाठी असे सौदे रोज करतात, आणि मंदीवाले असतात म्हणून बाजारात खरी किंमत कळते. पण त्यांच्या आक्षेपात नैतिकतेखेरीज दुसरेही काही असावे असे मला आपले पत्र वाचताना वाटत राहिले. 22 लाख रुपये ही घरातल्या दोघांची जमा आहे, ती एकदा ऐकीव सल्ल्यावर एका बाजूला गेली आणि आता दुसऱ्या ऐकीव सल्ल्यावर अगदी उलट बाजूला निघाली आहे. त्यांची काळजी कदाचित ही असेल. या वेळी आकडे त्यांच्यासमोर मांडून, दोघांनी बसून ठरवावे.

एवढे सगळे वाचूनही मनातली ओढ जात नसेल तर आधी तीन महिने पैसे न घालता वहीत सौदा करावा. ज्या दिवशी घ्यावासा वाटतो त्या दिवशी टीएलटी, एकपटीने उलटा चालणारा टीबीएफ आणि दुपटीचा टीबीटी यांचे बंद भाव लिहावेत, त्या दिवसाचा डॉलरचा भाव लिहावा, आणि दर शुक्रवारचे भाव त्याखाली उतरवत जावेत. कधी टीएलटी जिथल्या तिथे आणि टीबीटी खाली, तर कधी फंड वर असूनही रुपयांतला हिशेब वेगळाच, हे आपल्या अक्षरात लिहिलेले पाहिले की कोणाच्या सांगण्याची गरज राहणार नाही. त्यानंतरही प्रत्यक्ष उतरायचे ठरलेच तर एकपटीचा फंड, बोनससारख्या वरकड पैशातले पन्नास हजार ते एक लाख रुपये, आणि बाहेर पडण्याची तारीख घेतानाच लिहून ठेवलेली, याच्या पलीकडे जाऊ नये. एवढ्या छोट्या रकमेवर पैसे पाठवण्याचे शुल्क आणि डॉलरच्या खरेदी-विक्रीतला फरक किती बसतो तेही वहीतच मांडून पाहावे. पुष्कळदा तिथेच विचार बदलतो.

शेवटी डॉलरबद्दल, कारण आपल्याला त्याचा विचार करणे खरोखर गरजेचे आहे आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही. फी डॉलरमध्ये भरायची आहे आणि 2025 च्या डिसेंबरमध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या पुढे गेला होता. अमेरिकेच्या व्याजदरांचा अंदाज चुकला तर आपले फारसे बिघडत नाही. रुपया घसरला तर मात्र मुलीची फी थेट वाढते. अमेरिकेत काही पैसे आधी न्यायचेच असतील तर ते दर वर्षी दहा लाखांच्या आत राहून, तिथल्या तीन महिन्यांपर्यंतच्या सरकारी बिलांच्या साध्या ईटीएफमध्ये न्यावेत. त्यात दुपटीचे काही नाही, किंमत जवळपास हलत नाही आणि डॉलर चढला तर फीच्या प्रमाणात आपली जमाही चढते. पण तेही मुलीचा अमेरिकेचा निर्णय पक्का झाल्यावर, म्हणजे प्रवेश परीक्षांचे निकाल आणि अर्ज केलेल्या विद्यापीठांची यादी हाती आल्यावर करावे. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या फीवर उगमाशी कर गोळा होत नाही, ही गोष्ट बँकेशी बोलताना लक्षात ठेवावी. तोवर गिल्ट फंडाचा विक्रीचा अर्ज आणि रिटेल डायरेक्टचे खाते ही दोन कामे याच आठवड्यात उरकून घ्यावीत.